लायक आणि भरवशाचा

जयपूरच्या झालाना डुंगरी भागात सरकारी कार्यालयांची दाटी आहे. सरकारी टिपणीत 'कॉम्पिटंट' आणि 'रिलायबल' ही दोन इंग्रजी विशेषणे बहुधा जोडीने येतात. जणू एक म्हटले की दुसरे आलेच. वस्तुतः माणसाला काम येते का, हे पहिले सांगते. अडचणीच्या वेळीही तो ते करील का, हे दुसरे. मराठीत एक लायक, दुसरा भरवशाचा.

हा भेद किती महाग पडतो, याचा अनुभव महादजी शिंद्यांनी याच जयपूरच्या आग्नेयेस, तुंगा-लालसोटच्या परिसरात घेतला. सवाई प्रतापसिंहाकडील थकलेल्या खंडणीसाठी ते येथे आले होते. त्यांच्या फौजेतील बादशाही पलटणी कवायती होत्या, तोफखाना बाळगून होत्या. लायकीत उणे नव्हते. पण पगार थकला होता. मुहंमद बेग हमदानी हा नामांकित सरदार आधीच जयपूरकरांना मिळाला होता. २८ जुलै १७८७ च्या लढाईत तो ठार झाला, तरी निकाल लागला नाही. आणि थोड्याच दिवसांत त्या पलटणी तोफांसह शत्रूकडे गेल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला.

महादजींनी यातून धडा घेतला. सॅव्हॉयच्या द बॉयनला त्यांनी कवायती फौज वाढवू दिली आणि तिच्या खर्चासाठी दुआबातील परगण्यांचा महसूल नेमून दिला. पगार वेळेवर होऊ लागला. या फौजेने २० जून १७९० रोजी पाटण आणि १० सप्टेंबरला मेडता जिंकले. लायकी कवायतीने येते, भरवशाला महसुलाची तरतूद लागते, असे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल.

पण हिशेब येथे संपत नाही. द बॉयननंतर आलेल्या पेराँने दौलतराव शिंद्यांच्या चाकरीत अमाप धन मिळवले आणि सप्टेंबर १८०३ मध्ये, ऐन युद्धात, तो इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्याच फौजेचे शिपाई १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवरजवळ लासवारीला, बहुतेक युरोपीय अधिकारी सोडून गेले असतानाही, अखेरपर्यंत लढले. त्यांच्या शौर्याची कबुली इंग्रज सेनापती लेकनेही दिली.

आजच्या वार्षिक मूल्यमापन अहवालात कामगिरीचे गुण वेगळे आणि सचोटीचा रकाना वेगळा असतो. तो भरताना लेखणी क्षणभर थांबावी. पेराँची लायकी सर्वांना ठाऊक होती. लासवारीच्या शिपायांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.