साधनवर्णन, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे
एआय एजंटाला हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवता यावे म्हणून त्यातील प्रत्येक क्रियेची लिहून ठेवलेली ओळख: नाव, काम, लागणारी माहिती, मिळणारे उत्तर. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ने तिला समान साचा दिला.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या हिशेबात या ओळखीची खरी कसोटी ‘उचल’ या शब्दावर लागते. ऊसतोडीआधी मजुरांना दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत खर्च नसते, येणे असते. हंगामात ती मजुरीतून फिटते. वर्णनात हे नसेल, तर एजंट उचल खर्चात टाकील आणि मजुरी दोनदा धरली जाईल. मजूर मोजताना ‘एक कोयता’ म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, हेही लिहायलाच हवे. नोंद वाचणारे साधन आणि नोंद घालणारे साधन वेगळे ठेवावे. घातलेली नोंद मजुराला वाचून दाखवल्याशिवाय पक्की करू नये.