काय दडवावे, काय नोंदवावे : आज्ञावलीच्या रचनेचा इतिहास

संगणकाची आज्ञावली हीही एक संहिताच असते. दीर्घ संहितेची विभागणी कोणत्या तत्त्वावर करावी, हा प्रश्न ग्रंथकाराप्रमाणेच तिच्या कर्त्यालाही पडतो. या प्रश्नाचा संबंध आज्ञावलीच्या विश्वासार्हतेशी आहे, ही जाणीव मात्र सावकाश होत गेली.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. मोठ्या आज्ञावल्या वेळेत पूर्ण होत नव्हत्या, खर्च अंदाजाबाहेर जात होता आणि दोष संपत नव्हते. परिषदेच्या शीर्षकातील 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्दप्रयोग हेतुपुरस्सर डिवचणारा म्हणून निवडला होता. पूल बांधण्याच्या शास्त्राला जी शिस्त आहे ती इथे नाही, हे त्यातून सुचवायचे होते.

या शिस्तीचे एक महत्त्वाचे सूत्र डेव्हिड पारनास यांनी १९७२ मध्ये एका छोट्या निबंधात मांडले. त्यांनी घेतलेले उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला जवळचे वाटावे असे आहे. ते शब्दसूचीचे आहे. 'मराठी कवितेचा इतिहास' हे शीर्षक घेतले, तर 'कवितेचा इतिहास मराठी' आणि 'इतिहास मराठी कवितेचा' अशी त्याची चक्राकार रूपे करायची आणि सर्व शीर्षकांची सर्व रूपे अकारविल्हे लावायची. हे काम करणारी आज्ञावली पारनास यांनी दोन प्रकारे विभागून दाखवली. पहिल्या विभागणीत कामाचा क्रम हाच आधार होता : वाचणे, फिरवणे, लावणे, छापणे. दुसरीत प्रत्येक घटकाकडे एकेक निर्णय सोपवला होता आणि तो इतर घटकांपासून दडवला होता. उत्तर दोन्हींतून तेच मिळते. पण ओळी साठवण्याची पद्धत बदलायची ठरली, तर पहिल्या रचनेत जवळजवळ प्रत्येक घटकाला हात लावावा लागतो, दुसरीत एकालाच. जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एका जागी बंदिस्त करावा, हे ते सूत्र.

त्याचे मोल विसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. स्मृतिसाठा महाग असताना वर्ष दोनच अंकांत लिहिण्याचा निर्णय झाला होता. तो एका जागी बंदिस्त नव्हता, हजारो ठिकाणी विखुरलेला होता. २००० साल उजाडण्यापूर्वी तो ओळीओळीने शोधावा लागला. मुंबई-पुण्यातील कंपन्यांसह भारतीय सॉफ्टवेअर व्यवसायाला त्या दुरुस्तीचे मोठे काम मिळाले.

तथापि केवळ दडवणे पुरेसे नाही. ४ जून १९९६ रोजी 'आरियान ५' हे युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील एक भाग 'आरियान ४' वरून जसाच्या तसा घेतला होता. आडव्या वेगाशी निगडित एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावेल, असे त्यात गृहीत धरले होते. जुन्या अग्निबाणाबाबत ते खरे होते. नव्याचा आडवा वेग फार लवकर वाढत असल्यामुळे ती संख्या मावली नाही. राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली. या संख्येला संरक्षण न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. मात्र त्याचे समर्थन प्रत्यक्ष संहितेत आढळले नाही, असे चौकशी मंडळाने नोंदवले.

पारनास यांचे सूत्र यामुळे खोटे ठरत नाही, त्याची दुसरी बाजू समोर येते. घटकाने आपली अंतर्गत रीत दडवावी, पण आपण कोणत्या मर्यादेत खरे आहोत हे उघड सांगावे. प्राचीन ग्रंथाचा संपादक एक पाठ स्वीकारतो, तेव्हा पाठभेद आणि स्वीकारामागचे कारण तळटीपेत देतो, ते पुढच्या संपादकाला तो निर्णय तपासता यावा म्हणून. आज्ञावलीही लिहिणाऱ्याच्या पश्चात इतरांच्या हाती जाते. ती सुरक्षितपणे बदलता यावी, असे वाटत असेल, तर निर्णयाबरोबर त्याचे कारणही पुढच्या हाती पोचले पाहिजे.