रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

गावालगतच्या चिंचेवर वा वडावर राहणारा पिंगळा महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीचा आहे आणि त्याची बोली जाणून भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोश्यांमुळे तो लोकजीवनातही मुरलेला आहे. त्याचा जंगलवासी भाऊबंद रानपिंगळा मात्र शतकाहून अधिक काळ केवळ संग्रहालयांच्या कपाटांत उरला होता. एफ. आर. ब्लेविट यांना १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात त्याचा पहिला नमुना मिळाला आणि पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याच्या शास्त्रीय नावात ब्लेविट यांचे नाव गुंफले. खानदेशाशी त्याचे नाते जोडले ते मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी. १८८० ते १८८४ या काळात त्यांनी शहादा-तळोदा परिसरातून काही नमुने गोळा केले आणि त्यानंतर पक्षी जणू नाहीसा झाला.

येथे नमुना म्हणजे पक्ष्याचे कातडे अखंड सोलून, आत कापूस भरून शिवलेली प्रतिमा होय. तिच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव लिहिलेले असते, आणि तिच्यावाचून त्या कातड्याला शास्त्रात फारशी किंमत उरत नाही. रिचर्ड माइनर्टझागेन यांनी तापीकाठच्या मांडवी येथे १९१४ साली एक रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कोलार यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा ते डेव्हिडसन यांचेच, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेले, आतले भरण बदलून खोटी चिठ्ठी बांधलेले कातडे असल्याचे उघड झाले. ही लबाडी केवळ एका चोरीपुरती नव्हती. तिने शोधकांना कित्येक वर्षे चुकीच्या वाटेला लावले, आणि हेच तिचे अधिक मोठे पाप म्हटले पाहिजे.

ती नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी जुन्या, विश्वसनीय स्थळांचा माग घेतला; पूर्वेकडे हाती काही लागले नाही, परंतु नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर सकाळच्या उजेडात निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. सुमारे २३ सेंटिमीटर लांबीच्या या पक्ष्याच्या डोक्यावर पिंगळ्यासारखे ठळक पांढरे ठिपके नसतात, छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि त्याखाली स्वच्छ पांढरे पोट असते, पाय दाट पिसांनी झाकलेले असतात, आणि बसल्या जागी तो शेपटी झटकत राहतो. तो दिवसा शिकार करतो. सरडे आणि उंदीर हे त्याचे मुख्य भक्ष्य.

त्यानंतर तोरणमाळ आणि मेळघाटात त्याचा अभ्यास झाला, आणि २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यातही तो आढळला. सातपुड्यात मात्र शेतीसाठी व सरपणासाठी जंगल विरळ होत चालले असून, ज्यांच्या ढोलीत तो अंडी घालतो ती जुनी झाडेही त्यातच जात आहेत.