ट्रॉलीचा टायर तांबूस पडला, म्हणजे तो गेला का?

आज इतिहासच सांगणार आहे, पण राजेरजवाड्यांचा नाही. आज चाकाचा इतिहास. आणि सुरुवात घरातूनच करतो.

१९९८ साल. आमच्या बाबांनी अकोल्याहून जुनी ट्रॉली घेतली. विकणाऱ्याकडे दोन होत्या. एकीच्या टायरच्या बाजू तांबूस पडलेल्या, दुसरीच्या कुळकुळीत काळ्या, चकचकीत. बाबा म्हणाले, "हे तांबडं टायर उतरलं हाये. काळंच घेऊ." दोन पैसे जास्त देऊन काळी घेतली.

डिसेंबरात कापूस भरून आम्ही दर्यापूरकडून मूर्तिजापूरला निघालो. वाटेत टायर फुटला, ट्रॉली कलली आणि वर बसलेला आमचा गडी खाली पडला. पाय मोडला. दवाखान्याचा खर्च बाबांनी केला, पण तो माणूस पुन्हा कधी नीट वखरामागे चालू शकला नाही. टायर पाहायला आलेल्या पंक्चरवाल्या चाचांनी नखानं टायर खरवडला. वरचं पॉलिश निघालं, खाली भेगाच भेगा. चाचा म्हणाले, "काळं तं पालिशनं बी होते बाप्पा. भेगा पाहाच्या होत्या."

त्या एका वाक्यामागे शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगतो.

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि गावातून स्टेशनापर्यंत, जिनापर्यंत कापूस नेण्याचं काम बंडीवर आलं. बंडीचं चाक लाकडाचं, वर लोखंडी धाव. उन्हाळ्यात बंडी उभी राहिली की लाकूड आकसायचं आणि धाव ढिली पडायची. म्हणून आपले आजोबा-पणजोबा चाकं नदीत नाहीतर डोहात भिजत घालायचे. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. चाक चालून झिजतं हे कुणालाही दिसतं. पण चाक उभं राहूनही बिघडतं, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला माहीत होतं.

मग रबर आलं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपनं मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. गंमत म्हणजे सुरुवातीचे टायर काळे नव्हतेच. रबर मुळात फिकट, त्यात झिंक ऑक्साइड घालायचे, म्हणून टायर पांढुरके दिसायचे. १९१० नंतर रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळण्याची पद्धत रुळली. त्यानं टायर कितीतरी जास्त टिकू लागले आणि काळे झाले. डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालात साहागंजला उभा राहिला. देशात कित्येक ठिकाणी रबरी चाकाच्या बैलगाडीला लोक आजही डनलॉप गाडीच म्हणतात.

पण रबराचा एक छुपा वैरी होता. ओझोन. जमिनीलगतच्या हवेत तो अगदी थोडा असतो, पण ताणलेल्या रबराला तेवढाही पुरतो. ताणाच्या आडव्या दिशेनं बारीक भेगा पडतात. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचा अभ्यास करणाऱ्या हागेन-स्मिट यांनी तर वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या हवेत ठेवून, त्यांना भेगा पडायला किती वेळ लागतो यावरून ओझोन मोजला. त्याच दशकात अमेरिकी लष्कराच्या रॉक आयलंड शस्त्रागारात यावरच्या औषधाचं संशोधन झालं. त्याच घराण्यातलं सिक्स-पीपीडी नावाचं रसायन आज जगभरच्या टायरांत घालतात.

आता मुद्द्याची गोष्ट. हे औषध रबरातून हळूहळू पृष्ठभागावर येतं, रबराच्या आधी स्वतः ओझोनशी भिडतं आणि त्या झटापटीत तांबूस-तपकिरी होतं. म्हणजे बाबांना दिसलेला तो तांबूस रंग बहुधा आजाराचा नव्हता, औषधाचा होता! (या औषधाला दुसरी बाजूही आहे. त्यापासून बनणारा एक पदार्थ पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन कोहो सॅमन मासे मारतो, हे २०२० मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. त्यावर कधीतरी वेगळा भाग करू.)

मग ओळखायचं कसं? ओल्या फडक्याला थोडा साबण लावून टायरची बाजू पुसा. रंग फडक्यावर आला आणि काही दिवसांनी परत दिसू लागला, तर ते औषध आहे. पांढुरका, राखाडी थर असेल तर ते बहुतेक मेण असतं, तेही संरक्षणासाठीच घातलेलं. मुरमाच्या रस्त्याची लाल धूळ एकदा धुतली की जाते. पण पुसल्यावर खाली भेगा दिसल्या, नखाला लागल्या, किंवा कुठे फुगवटा आला असेल, तर रंग कोणताही असो, त्या टायरवर कापूस भरू नका. बहुतेक टायरवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वय तिथं वाचा, चमकेवरून ठरवू नका.

आणि डिझेलनं किंवा तेलकट पॉलिशनं टायर चमकवू नका. त्यानं वरचं मेण आणि औषधच निघून जातं.

आपल्याकडे ट्रॉली कापसाच्या हंगामात धावते आणि नंतर अकोल्या-अमरावतीच्या ४५ अंशांच्या उन्हात महिनोन्‌महिने उभी राहते. चालत्या टायरमध्ये रबर हलतं आणि मेण-औषध वर येत राहतं. उभ्या टायरमध्ये एकच जागा दबून राहते. म्हणून हवा पूर्ण ठेवा, ट्रॉली रिकामी ठेवा, जमलं तर ठोकळ्यांवर उचला, टायर झाका. वेल्डिंगच्या दुकानाशेजारी लावू नका, त्या ठिणगीतूनही ओझोन तयार होतो.

लाकडी चाक भिजवायचं, हे आजोबांना त्यांच्या आजोबांनी शिकवलं होतं. रबरी चाक आलं तेव्हा त्याच्यासोबत शिकवणारं कुणी आलं नाही. बाबांची चूक होती ती एवढीच.

या उन्हाळ्यात तुमच्या ट्रॉलीचे टायर एकदा पुसून पाहा. काय दिसलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!