वाटाण्याचा अंकुर, सावकाराचं व्याज

माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला सिनेमाचं वेड आहे, म्हणून घरचा अभ्यास मी दादासाहेब फाळक्यांपासून सुरू केला. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी फाळक्यांनी कुंडीतला वाटाणा रोज थोडा थोडा चित्रित केला आणि त्याची अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. भांडवल उभं करताना हीच फीत कामी आली. आमचं वनस्पतिशास्त्र तिथूनच सुरू झालं.

गणितही सिनेमातूनच आलं: पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि बोलपटाला सेकंदाला २४ लागतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट, हे लेकीनं स्वतः मांडून काढलं.

मग आम्ही कोल्हापूरच्या सिनेमाकडे वळलो. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ या चित्रपटात (१९२५) सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो, आणि तो शेतकरी शहरातल्या गिरणीची वाट धरतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. या कथेवरून आम्ही चक्रवाढ व्याज शिकलो आणि १८७५ साली सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं का जाळली, हेही.

पालकांनो, मुलांचं सिनेमावेड मोडू नका. मराठी चित्रपटाच्या इतिहासात विज्ञान, गणित आणि समाजशास्त्र एकत्र नांदतात. हा इतिहास मुलांसोबत बसून वाचा.