फ्रान्समधील कालवसंवर्धन : पुनरुज्जीवन की प्रतिस्थापन?

कोकणात खडकांवरून फोडून काढली जाणारी कालवे आपल्या परिचयाची आहेत. फ्रान्समध्ये मात्र कालवांची रीतसर शेती होते आणि विज्ञानाने वाचविलेला व्यवसाय म्हणून तिचा उल्लेख नेहमी केला जातो. प्रस्तुत लेखात या समजाची फेरतपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अतोनात उपशामुळे फ्रान्सच्या किनाऱ्यावरील देशी चपट्या कालवांचे साठे ओस पडले होते. इटलीतील फुसारो सरोवरात पाण्यात रोवलेल्या खुंटांवर व फांद्यांवर कालवबीज धरले जात असे. भ्रूणशास्त्रज्ञ व्हिक्टर कोस्त यांनी ही पद्धत तिसऱ्या नेपोलियनच्या गळी उतरविली व १८५८ मध्ये सें-ब्रियोच्या उपसागरात सरकारी खर्चाने प्रयोग सुरू झाला. आरंभीचे पीक उत्साहवर्धक होते. पुढे काही वर्षांतच प्रयोग फसला. आर्काशाँच्या उथळ खाडीत मात्र संवर्धन रुजले. त्याचे श्रेय कोस्त यांच्याइतकेच जाँ मिशले या गवंड्याला द्यावे लागते. १८६५ च्या सुमारास त्याने कौलांना चुन्याचा लेप देण्याची युक्ती काढली. त्यामुळे कौलाला चिकटलेले बीज इजा न होता खरवडून काढता येऊ लागले. राजदरबारी अहवालांपेक्षा हा लेप अधिक टिकाऊ ठरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१८६८ मध्ये पोर्तुगालहून कालवे घेऊन येणारे एक जहाज वादळामुळे जिराँद नदीच्या मुखात अडकले. माल नासला असे समजून तो पाण्यात टाकण्यात आला. त्यातील जिवंत कालवांची तेथे झपाट्याने वाढ झाली. १९२० च्या सुमारास देशी कालवांवर मोठी मर ओढवली, तेव्हा त्यांची जागा या पोर्तुगीज जातीने घेतली. १९७० च्या सुमारास विषाणुजन्य रोगाने ही जातही नष्ट झाली. मग जपानमधील मियागी व कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया येथून तिसरी जात आणण्यात आली. आज फ्रान्समध्ये प्रामुख्याने हिचेच उत्पादन होते. २००८ पासून तिच्याही बीजात विषाणूमुळे मोठ्या प्रमाणावर मर दिसून आली.

म्हणजे व्यवसाय वाचला, प्राणी वाचला नाही. ज्याच्या रक्षणासाठी कोस्त यांनी खटाटोप केला, ते देशी कालव १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दोन परजीवींच्या तडाख्यात सापडले असून, मुख्यतः ब्रिटनीच्या किनाऱ्यावर अल्प प्रमाणात पिकविले जाते.