माझ्दा एमएक्स-५ : हाताळणीतील दोष, निदान व दुरुस्ती

माझ्दा एमएक्स-५ ही जपानच्या माझ्दा कंपनीची दोन आसनी, उघड्या टपाची, मागच्या चाकांना ताकद मिळणारी छोटी स्पोर्ट्स कार. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये ती प्रथम लोकांसमोर आली. अमेरिकेत ती मियाटा या नावाने ओळखली जाते. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाची 'जिनबा इत्ताई' ही जपानी कल्पना तिच्या आखणीच्या मुळाशी होती. या नोंदीत १९९७ पर्यंत बनलेल्या पहिल्या पिढीच्या गाडीचा विचार केला आहे.

या गाडीच्या चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन भुजांनी धरलेले असते. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना ॲल्युमिनियमची एक ताठ तुळई जोडते. वजन साधारण ९५० किलो. चालक बसला की ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मेनिम्मे वाटले जाते. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद अमेरिकी आवृत्तीत ११६ अश्वशक्ती, म्हणजे बेताचीच. गाडीची सारी पुण्याई वळणावर. म्हणूनच जड मोटारीत कळणारही नाही एवढी झीज इथे लगेच स्टिअरिंगमध्ये जाणवते. गाडी पंचवीस-तीस वर्षांची झाली, की ती पूर्वीसारखी वळत नाही अशी तक्रार सुरू होते आणि पुष्कळ मालक पहिला खर्च कडक स्प्रिंगांवर करतात. हा क्रम उलटा आहे. कारखान्यातून निघताना ही गाडी उत्तम वळत होती. तेव्हा तिच्यातून काय गेले ते आधी शोधायचे, नवे काय घालायचे ते नंतर.

निदानाची सुरुवात रस्त्यावर होते. दोष केव्हा दिसतो, यावर तो कुठे आहे याचा अर्धा उलगडा होतो. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर टायर, चाकांचे कोन किंवा घासत राहिलेला ब्रेक यांचा संशय घ्यावा. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर कॅलिपर पाहावा. खड्ड्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली, तर शॉक ॲब्सॉर्बर गेलेले असतात. ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना गाडीचा मागचा भाग किंचित वेगवेगळ्या दिशांना सरकतो असे वाटले, तर मागचे बुश (भुजांच्या सांध्यांतील रबरी भाग) किंवा मागच्या चाकांचा टो (चाके पुढच्या टोकाला आत वा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) बिघडलेला असतो. रस्त्याच्या उताराचा हिशेबही ठेवावा लागतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. त्यामुळे जपान, ब्रिटन किंवा भारतात निर्दोष गाडीही किंचित डावीकडे झुकते, तर अमेरिकेत उजवीकडे. हा दोष नव्हे, आणि तो काढण्याच्या नादात चांगले अलाइनमेंट बिघडवलेल्या गाड्या काही कमी नाहीत.

यानंतर टायर. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये तळहाताएवढ्या चार पट्ट्यांखेरीज काही नसते. त्या नीट नसतील तर पुढची सारी तपासणी फसवी ठरते. नक्षी शाबूत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. फार न चालणाऱ्या हौशी गाडीचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो, रबर कडक पडते आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग अचानक सुटतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार अंकांतून त्याचे वय कळते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे टायर असतील, तर गाडीचा तोल कारखान्याने ठरवलेला उरत नाही. हवेचा दाब हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित इलाज. मूळच्या १८५/६० मापाच्या १४ इंची टायरांसाठी कंपनीने २६ पीएसआय दाब सांगितला आहे; हवा भरणारा मात्र सवयीने ३२-३५ भरतो आणि एवढी हलकी गाडी चेंडूसारखी उडू लागते. गाडी ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहावेत (टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसतील तरच). ओढण्याची दिशा बदलली, तर दोष टायरचाच.

ताशी ९० ते ११० किमी वेगाला स्टिअरिंग थरथरणे ही या गाडीची जुनी खोड. बहुधा चाकांचे बॅलन्सिंग नीट नसते. परंतु बाहेरून आणलेली चाके असतील तर मधले भोकही मोजावे. मूळ चाकाचे भोक ५४.१ मिमी असते. ते मोठे असेल तर चाक हबवर नेमके मध्यावर बसत नाही आणि कितीही बॅलन्सिंग केले तरी थरथर राहते. योग्य मापाची रिंग घातली की काम होते.

मग गाडी जॅकवर चढवून, खाली भक्कम स्टँड लावून 'प्ले' म्हणजे ढिलेपणा तपासतात. पुढचे चाक घड्याळातील ३ आणि ९ च्या जागी धरून हलवले असता खडखडले, तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा रॅक संशयित. १२ आणि ६ च्या जागी धरून हलले, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. या दोघांतला दोषी कोण हे ओळखायची जुनी युक्ती आहे : सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. चाकाचे हलणे थांबले तर बेअरिंग गेले, चालूच राहिले तर बॉल जॉइंट. रॅकचा ढिलेपणा त्यावरील स्क्रूने कमी करता येतो. मात्र तो जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. एक फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एकच चाक जास्त तापले असेल, तर त्याचा ब्रेक सुटत नाही. मागच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकणे या गाडीत नेहमीचे आहे.

यापुढचा भाग वेळखाऊ असतो. भुजा जिथे गाडीला जोडलेल्या असतात तिथे रबरी बुश असतात. वयाने ते भेगाळतात आणि वळणात भुजा थोडी सरकली की चाकाचा कोन बदलतो. चालकाला गाडी 'विचार करून' वळते असे वाटते. पहारीने हलकेच रेटून पाहिले की गेलेला बुश कळतो. नवे रबरी बुश बसवताना बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवावी, नेहमीच्या उंचीवर येऊ द्यावी आणि मगच ते आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले, तर रबर कायम पीळ खाऊन राहते, गाडी वर उचललेली दिसते आणि बुश लवकर फाटतो. पुष्कळ गॅरेजांत नेमकी हीच चूक होते. पॉलियुरेथेनचे बुश अधिक ताठ, पण वंगण कमी पडले की ते कुरकुरतात. रोजच्या वापराला रबरच बरे.

यांपैकी खालच्या भुजांच्या आतल्या टोकांना प्रत्येकी दोन विकेंद्री बोल्ट असतात आणि चाकांचे बहुतेक कोन त्यांवर ठरतात. पुढे दोन्ही बोल्ट एकाच दिशेने फिरवले की मुख्यतः कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलतो, उलटसुलट फिरवले की कास्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे झुकाव). मागे त्याच पद्धतीने कॅम्बर आणि टो. खारट हवेच्या किंवा बर्फावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशात हे बोल्ट बुशच्या आतल्या पोलादी नळीला गंजून चिकटतात. जोर केला की बोल्ट तुटतो. अशा वेळी कापून काढणे आणि बोल्ट-बुश दोन्ही नवे घालणे हाच मार्ग.

शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांची पाळी इथे येते. या गाडीत चाकाला वर जायला जागाच थोडी आहे. बंप स्टॉप, म्हणजे शेवटी आधार देणारा रबरी ठोकळा, साध्या वापरातही लवकर काम करू लागतो. दिसायला छान म्हणून गाडी फार खाली बसवली, तर वळणात ती या ठोकळ्यांवर टेकते, स्प्रिंगचा ताठरपणा क्षणात कित्येक पट वाढतो आणि त्या टोकाची पकड सुटते. कडक स्प्रिंग घालूनही गाडी बिचकते, त्याचे कारण बहुधा हेच. गाडी थोडीच खाली घ्यावी, आणि दुसऱ्या पिढीच्या गाडीचे वरचे माउंट बसवून चाकाला थोडी जास्त हालचाल मिळवावी, हा चांगला उपाय आहे. अँटी-रोल बार शेवटी बदलावेत : पुढचा जाड केला की गाडी वळणात बाहेर जाऊ पाहते, मागचा जाड केला की मागची चाके घसरू पाहतात.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी करतात, कारण ढिल्या भागांवर लावलेले कोन टिकत नाहीत. ते चालकाच्या वजनाएवढे ओझे आसनावर ठेवून करावे. ९५० किलोच्या गाडीत ७५ किलो दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. रस्त्यावरच्या वापरासाठी पुढे सुमारे उणे १ अंश कॅम्बर, ४.५ ते ५ अंश कास्टर आणि जवळजवळ शून्य टो. मागे उणे १.५ अंशाच्या आसपास कॅम्बर आणि दोन्ही चाकांचा मिळून सुमारे ३ मिमी टो-इन, अशी मांडणी सर्वसाधारणपणे मानवते. मागचा टो सर्वांत नाजूक. मागची चाके बाहेर वळलेली असली, तर वळणात ॲक्सिलरेटर सोडताच गाडी गर्रकन फिरू शकते. घरी दोरी ताणून टो मोजता येतो. मात्र मागच्या चाकांमधील अंतर पुढच्यापेक्षा थोडे जास्त असल्याने दोरी टायरांना टेकवून चालत नाही, ती गाडीच्या मध्यरेषेला समांतर धरावी लागते.

एवढे करूनही कोन दोन्ही बाजूंना सारखे येत नसतील, तर गाडी कधीतरी आपटलेली असण्याची शक्यता मोठी. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर डाव्या-उजव्या बाजूला मोजून पाहावे. मूळ माप २,२६५ मिमी आहे. फरक सबफ्रेम (भुजा जिच्यावर बसतात ती चौकट) सरकल्याने आला असेल, तर ती बोल्ट सैल करून जागेवर आणता येते. टपाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबून दारांखालच्या तुळया मागच्या टोकाला आतून कुजल्या असतील, तर त्यांचे वेल्डिंग आधी करावे लागते.